काल उसळलेला फेस आज फुसका का? घरातले प्रयोग दुसऱ्या दिवशी फसतात तेव्हा

काल संध्याकाळी सोडा आणि व्हिनेगर घातलेल्या बाटलीच्या तोंडातून फेस भसाभसा उतू गेला, ओट्यावरून खाली ओघळला आणि मुलांनी उड्या मारल्या. आज तोच प्रयोग दाखवायला भावंडांना बोलावलं, तर बाटलीत नुसती फुसफुस होऊन सगळं निवलं. "आई, काल झालं होतं ना?" हा प्रश्न ज्यांना ऐकावा लागलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्याकडे हे इतक्यांदा झालं की मी एक वही घातली. काय घेतलं, किती घेतलं, काय झालं, एवढंच तीत लिहायचं. ती चाळताना एक गोष्ट सारखी दिसते. पहिल्या दिवशी आपण नीट वाचून, मोजून करतो. जमलं की दुसऱ्या दिवशी "आता काय, येतंच की" म्हणून अंदाजपंचे दाहोदरसे ओततो. स्वयंपाक करणाऱ्या हाताला अंदाजाची सवय असते. मीठ अंदाजाने पडतं आणि बरोबर पडतं, कारण तो हात हजार वेळा चुकून शिकलेला असतो. सोडा आणि व्हिनेगर त्या हाताने दोनदाच ओतलेलं असतं.

म्हणून प्रयोग फसला की आमच्या घरी आधी एकच प्रश्न विचारायचा: कालच्यापेक्षा आज काय वेगळं झालं? पूड, पाणी, भांडं, माप, तापमान, कुणाचा हात लागला, यांतलं काहीतरी नक्की बदललेलं असतं. ते मुलांनाच शोधू द्यायचं, आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फसलेलं भांडं लगेच धुऊन टाकायचं नाही, ते शेजारी ठेवायचं. नाहीतर तुलना कशाशी करणार?

फेस येतच नाही, किंवा येऊन लगेच बसतो

सगळ्यात आधी डबा बघा. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर ही दोन वेगळी पांढरी पिठं आहेत, आणि घाईत हमखास दुसराच डबा हातात येतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं. म्हणजे चमचाभर पावडरीत सोडा चमच्यापेक्षा बराच कमी भरतो आणि फेस त्या मानानेच येतो. ओळखायला सोपं आहे: दोन वाट्यांत कोमट पाणी घ्या आणि एकेक चिमूट टाका. पावडर पाण्यातच फसफसते, सोडा गुपचूप विरघळतो. डब्यांवर नावं लिहिलेली नसतील तर ही तपासणी मुलांकडून करून घ्या. तोही एक प्रयोगच झाला.

डबा बरोबर असेल तर माप. आमच्याकडे नव्वद टक्के वेळा इथेच अडतं असं वाटावं, इतकं ते वहीत येतं. सोडा सपाट एक चमचा, म्हणजे जवळपास 5 ग्रॅम. तेवढा सगळा वापरला जायला 5 टक्के आम्लाचं व्हिनेगर 70 मिली लागतं. बाटलीवर 4 टक्के लिहिलेलं असेल तर 90 मिली. मुलं काय करतात? फेस आला नाही की आणखी सोडा टाकतात. तळाशी पांढरा थर साचतो, पण व्हिनेगर केव्हाच संपलेलं असतं, मग सोडा कितीही ओता. अशा वेळी त्या थरावर नुसतं व्हिनेगर ओतून बघा. पुन्हा उसळलं तर चोर सापडला.

हिशेबाने एवढ्या सोड्यातून सव्वा लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. मग तो जातो कुठे? पसरट भांड्यात असेल तर हवेत निसटतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. फेस दिसायला वायू कोंडून ठेवणारं काहीतरी लागतं. अरुंद तोंडाची बाटली आणि व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब, एवढ्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. काल तुम्ही बाटली घेतली होती आणि आज मोठं पातेलं घेतलं असेल, तर वायू तेवढाच निघाला, फक्त तमाशा दिसला नाही.

व्हिनेगर संपलं म्हणून लिंबू पिळलं असेल तर मापाचा विचार पुन्हा करा. एका लिंबाचा रस अर्धा चमचा सोड्यालाही जेमतेम पुरतो. आणि व्हिनेगर फ्रिजमधून काढलेलं असेल तर क्रिया संथ चालते. ते खोलीतल्या हवेला आधी येऊ द्या.

फुगा फुगवायचा प्रयोग असेल तर अडचण बहुधा वेळेची असते. फुगा तोंडावर चढवेपर्यंत निम्मा वायू निघून जातो. सोडा फुग्यात भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर पक्का बसवा आणि मग उचलून सोडा आत झटका. किंवा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून आत टाका, पुडी भिजेपर्यंत हाताला सवड मिळते. झाकण मात्र लावायचं नाही. बाटलीत फेस असताना झाकण कधीच लावायचं नाही. फुगा ताणला जातो, बाटली फुटते.

एक करून बघाच: फेस उसळत असताना बाटली बाहेरून मुलाच्या तळहाताला लावा. ती गार लागते. ही क्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते. ज्वालामुखी म्हणून बनवलेली वस्तू गार कशी, या एका प्रश्नावर आमची थोरली अर्धा तास बोलत होती. फेस कमी आला होता त्या दिवशी.

कॉर्नफ्लोअरचा गोळा होत नाही, नुसता लगदा होतो

दाबलं की दगड आणि सोडलं की पाणी, असं जे मिश्रण मुलांना सर्वांत जास्त आवडतं, त्याच्या फसण्यात मराठी शब्दाचाही हात आहे. "मक्याचं पीठ" म्हटलं की कुणी पिवळं दळलेलं पीठ आणतं. आपल्याला हवा तो पांढराशुभ्र, बोटांत चिमटला की करकरणारा मक्याचा स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर. पिवळ्या पिठात साल आणि प्रथिनंही असतात, त्याचा पाण्यात चिखल होतो. गव्हाच्या पिठाची तर कणीकच होते.

स्टार्चचे कण साधारण 15 मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडक आणि एकसारखे बारीक असतात. हळू ढवळलं तर मधल्या पाण्यावरून ते एकमेकांशेजारून घसरतात. एकदम दाबलं तर पाणी बाजूला सरकतं, कण एकमेकांना भिडून अडकतात आणि सगळं मिळून भिंतीसारखं उभं राहतं. म्हणजे सगळा खेळ कण आणि पाणी यांच्या प्रमाणाचा. पाणी थोडं जास्त झालं तर कण भिडतच नाहीत, कमी झालं तर ते घसरत नाहीत. दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी हे चांगलं सुरुवातीचं माप. पण त्यातलं शेवटचं पाव वाटी पाणी चमच्या-चमच्याने घाला. वाटी दोन्हींना तीच.

पातळ झालं तर लोक आणखी पूड घालतात आणि ती संपून जाते. त्याची गरज नसते. भांडं पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. स्टार्च तळाशी बसतो, वर नितळ पाणी येतं, ते अलगद ओतून टाका आणि खालचं ढवळा. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने फसवते. रात्रभर ठेवलेल्या भांड्याच्या तळाशी खडूसारखी वडी बसते, मुलं म्हणतात "वाळून गेलं". वाळलेलं नसतं, बसलेलं असतं. दोन चमचे पाणी घालून चमच्याच्या दांड्याने कडेकडेने खरवडा, पाच मिनिटांत ते परत वाहायला लागतं. आंबट वास यायला लागला असेल तर मात्र टाकून द्या.

आता जी चूक दुरुस्त होतच नाही ती. हात गार पडतात म्हणून मी एकदा गरम पाणी घातलं. काही क्षणांत मिश्रण बुळबुळीत, अर्धपारदर्शक झालं आणि नंतर किती ढवळलं, किती निववलं, तरी ठोकल्यावर कडक होईना. मक्याचा स्टार्च 62 ते 72 अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, त्याचे कण फुटतात. कणच उरले नाहीत तर भिडणार काय? पाणी साधं घ्या. बोटाला कोमट लागलं तर चालेल, वाफ दिसली तर नको.

जमलंय की नाही ते कसं कळणार? चमचाभर उचलून दोन तळहातांत गोळी वळा. वळत असेपर्यंत गोळी टिकली आणि हात थांबवताच बोटांमधून ओघळली, तर जमलं.

आणि हे मोरीत ओतू नका. स्टार्च नळीच्या वळणात बसतो, वरून गरम पाणी सोडलं तर तिथेच खळ तयार होते. ताटात पसरून वाळू द्या, भुगा कचऱ्यात टाका. कपड्यावर, गालिच्यावर सांडलं असेल तर ओलं पुसत बसू नका. ते वाळलं की ब्रशने झटकून निघतं, ओलं असताना पुसलं की धाग्यांत शिरतं.

दुधातले रंग पहिल्याला पळतात, दुसऱ्याला नाही

ताटलीत दूध, त्यावर रंगांचे थेंब, आणि साबणात बुडवलेली काडी मध्ये टेकवली की रंग चहूकडे पळतात. हा प्रयोग पहिल्या मुलाला जमतो आणि रांगेतल्या दुसऱ्याला जमत नाही. मग रडारड होते. कारण सरळ आहे. साबण पसरला की दुधाच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि दुधातल्या स्निग्धांशाला साबणाचे कण चिकटू लागतात. ती धावपळ एकदाच होते. साबण सगळीकडे पोचला की पळवणारं काही उरत नाही. म्हणून चार मुलं असतील तर चार ताटल्या घ्या. त्याच ताटलीत नवा रंग टाकून काही होणार नाही.

नव्या ताटलीतही रंग गप्प राहिले तर साबण आधीच कुठूनतरी आत आलाय असं समजा. आमच्याकडे एका दुपारी सलग तीन ताटल्या गेल्या. ताटल्या पुन्हा पुन्हा धुतल्या, दूध बदललं, रंग बदलले. शेवटी थोरलीच्या लक्षात आलं की रांगेत उभा असलेला धाकटा प्रत्येक वेळी "गार आहे का बघतो" म्हणून दुधात बोट बुडवत होता. आणि मीच त्याला सुरुवातीला साबणाने हात धुवायला लावलं होतं, नखांपाशी साबण राहिला होता. त्या दिवसापासून हात पाण्याखाली भरपूर चोळायचे आणि ताटल्या तीनदा नुसत्या पाण्याने विसळायच्या असं ठरलं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. साय काढलेल्या, कमी स्निग्धांशाच्या दुधात रंग मरगळल्यासारखे हलतात, पूर्ण दूध घ्या. थर अर्धा सेंटिमीटर पुरे. थेंब टाकल्यावर ताटली हलवू नका. रंग पातळ, द्रव असावा. घट्ट जेल दुधात तसाच बसून राहतो.

स्फटिक धरत नाहीत, किंवा रात्रीत गायब होतात

मला स्वतःला हा प्रयोग सगळ्यांत प्रिय आहे, आणि सगळ्यांत जास्त निराशाही यानेच केली आहे, कारण चूक कळायलाच दोन दिवस लागतात.

पहिली चूक पदार्थ निवडण्यात. गरम पाण्यात मीठ विरघळवून ते निवू दिलं तर मोठे स्फटिक येतील असं वाटतं. येत नाहीत. 100 मिली पाण्यात 20 अंशाला 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात 39. म्हणजे निवल्यावर बाहेर पडायला तीनच ग्रॅम मीठ असतं. मिठाचे चौकोनी स्फटिक हवे असतील तर पाणी उडून जायला हवं: पसरट बशीत मिठाचं पाणी कोपऱ्यात ठेवा आणि आठवडाभर विसरा. तुरटीचं तसं नाही. 20 अंशाला 100 मिली पाण्यात साधारण 14 ग्रॅम, 50 अंशाला 37 ग्रॅम. निवताना निम्म्याहून जास्त तुरटीला बाहेर पडावंच लागतं. म्हणून मुलांबरोबर सुरुवात तुरटीने करा. साखरेला घाई असलेल्यांनी हात लावू नये. तिचा पाक इतका घट्ट होतो की कण जागेवर पोचायलाच दिवसच्या दिवस जातात.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते. धाकट्याने बशीत धरलेल्या तुरटीच्या बारीक खड्यांतून निवडून एक छान, कडा धारदार असलेला तांदळाएवढा खडा दोऱ्याला बांधला, बरणीत सोडला, झोपायला गेला. सकाळी बरणीत दोरा होता, गाठ होती, खडा नव्हता. गाठीचा फासही तसाच, मधे रिकामा. खडा वाढण्याऐवजी विरघळून गेला होता, कारण बरणीतलं द्रावण अजून उपाशी होतं. आदल्या रात्री ते गरम असताना सोडलं होतं, आणि गरम द्रावणाला आणखी तुरटी मावते.

त्यावर उपाय असा. द्रावण रात्रभर पूर्ण निवू द्या, तळाशी थोडी तुरटी बसलेली दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर तुरटी कमी पडली आहे, पुन्हा कोमट करून वाढवा. मग वरचं नितळ द्रावण दुसऱ्या स्वच्छ बरणीत ओता. चांगला खडा सोडण्याआधी एक टाकाऊ खडा त्यात तीन-चार तास ठेवून बघा. त्याच्या कडा गोलसर झाल्या तर द्रावण उपाशी आहे, कडा जशाच्या तशा धारदार राहिल्या तर खुशाल दोरा सोडा.

दोऱ्यावरच बारीक बारीक खडे धरत असतील तर दोरा खरखरीत आहे. गुळगुळीत नायलॉनचा घ्या आणि गाठीवरची तुरटीची पूड ओल्या बोटाने पुसून टाका. बरणीवर कागद ठेवा, धूळ पडली की प्रत्येक कणाभोवती एकेक खडा सुरू होतो आणि सगळे खुजे राहतात. बरणी शेगडीजवळ नको. दिवसा ती तापते आणि खडा थोडा विरघळतो, रात्री निवते आणि तो वाढतो. आठवड्याने बघावं तर आहे तेवढाच. बरणीवर नाव लिहा आणि ती लहानांच्या हाताबाहेर ठेवा.

रंग बदलत नाही

लाल कोबीचं जांभळं पाणी हे सर्वांत भरवशाचं, कारण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात गुलाबी होतं आणि आम्लारीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या सोड्यासारख्या पदार्थात, निळं-हिरवं. ते सुरुवातीपासूनच निळसर दिसत असेल तर तुमचं नळाचं पाणी थोडं आम्लारीधर्मी आहे, वाफ निववून बनवलेलं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी मिळालं तर ते वापरून बघा. रस दोन-चार दिवसांत नासतो, बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर पुढच्या वेळी कोबी चिरावा लागत नाही.

हळदीच्या बाबतीत मात्र फार जणांची फसगत होते. धाकट्याने हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला, त्यावर लिंबू पिळलं, व्हिनेगर टाकलं, साधं पाणी टाकलं. कागद पिवळा तो पिवळाच. "हळद खराब आहे," तो म्हणाला. हळद खराब नव्हती. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, आम्लातही पिवळं असतं आणि साध्या पाण्यातही. सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीचं माप; शुद्ध पाण्याचा 7) साधारण साडेसातच्या पुढे गेला की ते लालसर होऊ लागतं. त्यामुळे आंबट वस्तू हळदीला कितीही दाखवा, ती ओळख देणार नाही. चमचाभर सोडा पाण्यात विरघळवून एक थेंब टाकला आणि कागदावर तांबडा ठिपका उमटला. मग त्या ठिपक्यावर लिंबू पिळायला सांगितलं. ठिपका पुन्हा पिवळा झाला, आणि लिंबाचं काम त्याला तेव्हा दिसलं.

रंग फिका येत असेल तर हळद पाण्यात फारशी विरघळत नाही हे ध्यानात घ्या. पातळ पाण्याऐवजी दाटसर लेप करा, कागदावर ब्रशने लावा आणि पूर्ण वाळू द्या.

आता हळद म्हटली की डाग आलेच. पांढऱ्या शर्टावर सांडली, साबण लावला आणि डाग एकदम लाल झाला, की मूल घाबरतं. साबण आम्लारीधर्मी असतो, एवढंच झालेलं असतं. लिंबाचा थेंब लावला की डाग पिवळ्यावर येतो. मग साधा धुवा आणि ओलाच उन्हात टाका, डागाची बाजू वर करून. उजेडात कर्क्युमिन तुटतं. आमच्याकडे थोरलीने अर्ध्या डागावर काळा कागद टाचून शर्ट दोरीवर टाकला होता. संध्याकाळी कागद काढला तर उघडी बाजू जवळजवळ पांढरी आणि झाकलेली बाजू तशीच पिवळी, मधे कागदाच्या कडेची सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी तो शर्ट कागदाशिवाय पुन्हा उन्हात गेला.